अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांना अर्ज : ‘कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक’ एवढ्यावर भागत नाही

दहा वर्षं झाली असतील. बारावीचा एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत होता. ‘मॅडम, अमेरिकेच्या युनिव्हर्सिटीसाठी शिफारसपत्र पाहिजे होतं.’ आमच्या ज्युनिअर कॉलेजात असं पत्र कुणी मागितलेलं मला तरी आठवत नव्हतं. मी आपला नेहमीच्या दाखल्याचा साचा उघडला आणि इंग्रजीत लिहून टाकलं : सदर विद्यार्थी कष्टाळू, प्रामाणिक व आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक चांगली आहे, त्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. खाली सही, सहीवर कॉलेजचा गोल शिक्का. दहा मिनिटांत काम उरकलं म्हणून खूशही झाले.

त्या मुलाला कुठंच प्रवेश मिळाला नाही. नुसत्या माझ्या पत्रामुळं नव्हे, हे कळतं मला. पण पुढं बॉस्टनला पीएचडी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीला मी ते पत्र वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग म्हणाली, ‘मॅडम, यातलं त्याचं नाव काढून माझं घातलं तरी चालेल की.’

तेव्हापासून हीच एक कसोटी मी प्रत्येक कागदाला लावते. नाव बदलून बघायचं. दुसऱ्याचं नाव घातल्यावरही मजकूर तसाच खरा वाटत असेल, तर तो मजकूर कुणाचाच नाही. मी सांगली जिल्ह्यात इंग्रजी शिकवते. माझ्या जेवणाच्या टेबलावर आजवर तीसेक मुलांचे अर्ज तयार झाले. फी घेत नाही. द्राक्षांच्या दिवसांत पेटी आली तर नको म्हणत नाही. अगदी वरच्या नावाच्या ठिकाणी पोचलेली चार. बरीच चांगल्या, पण इथं कुणी नाव न ऐकलेल्या कॉलेजांत गेली. उरलेली पुण्या-मुंबईत शिकली आणि मजेत आहेत.

मार्कांचं काय?

पालक पहिला प्रश्न मार्कांचाच विचारतात, म्हणून तो आधी उरकते. हार्वर्डच्या प्रवेशांवरून अमेरिकेत एक मोठा खटला चालला, त्याचा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २९ जून २०२३ ला दिला. खटल्याचा विषय वेगळा होता, वंशाचा. पण त्यानिमित्तानं आतली कागदपत्रं बाहेर आली. २०१९ साली पदवीधर होणाऱ्या तुकडीसाठी ३५,००० हून जास्त अर्ज होते, जागा साधारण १,६००. त्यात नुसत्या अमेरिकेतल्या अर्जदारांपैकी ८,००० हून जास्त मुलांना शाळेत पैकीच्या पैकी होते. सॅट म्हणजे तिकडची प्रवेशपरीक्षा, तिच्या भाषेच्या भागात पूर्ण गुण मिळवणारेच २,७०० च्या आसपास. म्हणजे पहिल्या नंबरच्या मुलांनीच वर्ग पाच वेळा भरला असता. तिथं प्रत्येक अर्जाला अभ्यास, अभ्यासाबाहेरचं काम, खेळ आणि माणूस म्हणून कसा आहे, अशा बाबींवर १ ते ६ श्रेणी देतात. १ सगळ्यात वरची.

तेव्हा ९६ टक्के आणि ९८ टक्के यांच्यावरून घरात भांडू नका. मार्क लागतातच, भरपूर लागतात. पण मार्कांनी तुम्ही रांगेत उभे राहता, एवढंच.

मार्कांतली खरी गोम वेगळी आहे. हे लोक नववीपासून बारावीपर्यंत चारही वर्षांचे गुण मागतात. आपल्याकडं नववी म्हणजे दहावीची रंगीत तालीम आणि अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष. अकरावीला ६२ टक्के पडले तरी कुणी विचारत नाही, कारण सीईटीला ते लागत नाहीत. अमेरिकेच्या अर्जाला लागतात. दुसरं, ज्यांनी अकरावीला ‘इंटिग्रेटेड’ (कॉलेज नावाला, अभ्यास कोचिंग क्लासमध्ये) घेतलं आणि कॉलेजचं तोंड फक्त प्रॅक्टिकलला पाहिलं, त्यांना पत्र कोण देणार? मी त्यांना वर्गात पाहिलेलंच नसतं. हा निर्णय दहावीच्या सुट्टीत होतो, त्यामुळं अमेरिकेचा विचार असेल तर तो त्याआधी घरात बोलून घ्या.

पैशाचं आधी बोला

निबंधाच्या आधी पैसा. मुलगा वर्षभर स्वप्न रंगवतो आणि मार्चमध्ये वडिलांना आकडा कळतो, हे मी दोनदा पाहिलंय; तिसऱ्यांदा बघायचं नाही.

परदेशी मुलांच्या बाबतीत ही विद्यापीठं दोन प्रकारची. काही ठिकाणी तुम्ही मदत मागितली म्हणून प्रवेशाच्या निर्णयात काही फरक पडत नाही : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राऊन, आणि छोट्यांपैकी अ‍ॅमहर्स्ट, बोडन. यादी लांब नाही. बाकी बहुतेक ठिकाणी, स्टॅनफर्डसुद्धा, परदेशी मुलानं मदत मागितली की निवड करताना ते धरलं जातं. याचा अर्थ तिथं अर्ज करू नका असा नाही. त्यातलीही पुष्कळ कॉलेजं एकदा घेतलं की गरजेइतकी मदत देतात. फक्त यादी करताना प्रत्येक नावापुढं हे लिहून ठेवा. आणि ‘आधी प्रवेश मिळू दे, मदत नंतर मागू’ ही हुशारी करू नका; बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाला नंतर मागता येत नाही.

मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो. शेतकरी घरांना तो छळतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळं रिटर्नवर एक आकडा, घरात येतो तो दुसरा; आणि सातबाऱ्यावरच्या सहा एकरांची किंमत लिहिली की कागदावर तुम्ही श्रीमंत. आम्ही काय करतो, तर एक साधं पत्र जोडतो : एवढी जमीन, त्यावर एवढी माणसं जगतात, तीन वर्षांत अडत्याच्या पट्ट्यांप्रमाणे विक्री एवढी, औषधं-मजुरी एवढी, सोसायटीचं कर्ज एवढं, जमीन विकली तर उत्पन्न बंद. पट्ट्यांचे फोटो तयार ठेवा. भावनेचं एक वाक्य नको, नुसते आकडे.

‘हे काय लिहायचं, हे तर सगळेच करतात’

आता मुख्य काम. मुलं माझ्याकडं येतात ती फाइल घेऊन. प्लास्टिकच्या कप्प्यांत प्रमाणपत्रं : चित्रकला, हस्ताक्षर, होमी भाभा बालवैज्ञानिकची पहिली फेरी, वक्तृत्व तिसरा क्रमांक, ऑनलाइन कोर्स. त्यावर हल्ली आणखी एक थर चढलाय. कुणीतरी सल्लागार सांगतो की संस्था काढा, मग सोळा वर्षांचं पोर ‘संस्थापक-अध्यक्ष’ होतं, झोपडपट्टीत वह्या वाटतानाचा फोटो निघतो आणि जूनमध्ये काढलेली संस्था जानेवारीत बंद पडते. वाचणाऱ्यानं अशा शंभर संस्था आधीच पाहिलेल्या असतात. नाव बदलून बघा, लगेच कळेल.

मी फाइल बाजूला ठेवायला सांगते आणि पंधरा दिवसांचं काम देते. एका वहीत रोज लिहायचं, कुणी सांगितलं नसताना आज काय केलंस? रात्री नऊ ते अकरा कुठं होतास? घरातलं कुठलं काम तुझ्याशिवाय अडतं? फार मोठं काही निघत नाही. निघतं ते असं : दूध संकलन केंद्रावर फॅट मशिनचे आकडे वडिलांसाठी पडताळणारा मुलगा. झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी बसणारा, लोकांचे सरकारी फॉर्म भरून देणारा आणि कुठल्या फॉर्ममध्ये लोक कुठं चुकतात हे पाठ असलेला. आजीच्या ओव्या फोनवर टेपून घेणारी.

एका मुलीचं जरा सविस्तर सांगते, तिची परवानगी आहे, नाव तेवढं नको म्हणाली. तासगावकडची. घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. तिच्या वहीत पंधराही दिवस एकच गोष्ट : शेडवर गेले, आर्द्रता लिहिली. मी विचारलं हे काय. तर म्हणाली, ‘मॅडम, हे काय लिहायचं, हे तर आमच्यात सगळेच करतात.’

सगळे करत नव्हते. सगळे बेदाणा करत होते. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची, शेडमध्ये जाळ्यांच्या थरांवर पसरायची, गंधकाची धुरी द्यायची, आणि पाऊस येऊ नये म्हणून आभाळाकडं बघत दोन आठवडे काढायचे. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. हिरवा राहिला तर भाव, दमट हवेनं काळवंडला तर गेला. हे सगळं गाव करतं. पण दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून वरच्या आणि खालच्या थराला आलटून पालटून टांगणारी आणि आकडे कॅलेंडरच्या चौकोनात, आई दुधाचा हिशेब लिहिते त्याच्या शेजारी, तीन हंगाम लिहिणारी ही एकटीच.

असं काही सापडलं की ते वाढवायला वेळ लागतो, म्हणून नववी-दहावीतच शोध सुरू करा. वाढवायचं म्हणजे त्याच दिशेनं एक पाऊल पुढं. तिला मी कृषी विज्ञान केंद्रात पाठवलं, तिथल्या एका साहेबांनी नोंदी नीट कशा ठेवायच्या ते दाखवलं. ज्याला गणितात खरंच रस आहे त्यानं आयओक्यूएम ही गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा द्यावी, विज्ञानवाल्यांनी मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रामार्फत चालणाऱ्या ऑलिंपियाडच्या परीक्षा द्याव्यात. पहिल्या टप्प्यातून पुढं गेलात तरी त्याला वजन आहे. रस नसताना देऊ नका. ते प्रमाणपत्र मग फाइलीत आणखी एक प्लास्टिकचा कप्पा अडवतं.

दहा ओळी

बहुतेक विद्यापीठं कॉमन अ‍ॅप नावाचा एकच ऑनलाइन अर्ज घेतात. तो दरवर्षी १ ऑगस्टला उघडतो. त्यात कामांसाठी दहा जागा असतात, आणि प्रत्येक कामाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, हेही विचारतात. एमआयटी या कॉमन अ‍ॅपमध्ये नाही, तिचा अर्ज वेगळा, आणि तिथं कामं फक्त चार लिहायची. यावरून काय ते समजा. दहाच्या दहा जागा भरण्यासाठी हस्ताक्षर स्पर्धा घालू नका. सहा खऱ्या ओळी असल्या तर सहा.

कामाचा प्रकार निवडायच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा एक पर्याय आहे आणि ‘पगारी काम’ असाही. आपली मुलं तिथं कधी थांबतच नाहीत. धाकट्या भावाला शाळेत सोडणं, आजोबांच्या डायलिसिसला आठवड्यातून दोनदा जाणं, दुकानात बसणं, हे त्यांना ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ वाटत नाही. लिहा. तास मोजून लिहा.

तासगावकडच्या त्या मुलीनं आधी लिहिलं होतं (इंग्रजीतच, मी मराठीत सांगते) : ‘घरच्या व्यवसायात मदत. विज्ञानाची आवड जोपासली. वेळेचं नियोजन व जबाबदारी शिकले.’ नाव बदला : किराणा दुकानवाल्याला चालेल, पोल्ट्रीवाल्यालाही चालेल. चौथ्या खेपेला झालं ते असं : ‘बेदाणा शेड, ११ थर. ३ हंगाम, दिवसातून २ वेळा आर्द्रता नोंद. खालचे थर ३ दिवस उशिरा सुकतात. ते रिकामे ठेवून नफ्याचा हिशेब तपासला.’ ‘शिकले’, ‘जोपासली’, ‘आवड’ हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी आकडे आले. एवढंच संपादन. शिकलीस की नाही ते वाचणाऱ्याला कळतं.

निबंध

कमाल ६५० शब्द. तिचा पहिला मसुदा असा सुरू होत होता : ‘लहानपणापासूनच मला विज्ञानाचं अतोनात आकर्षण होतं. माझे वडील शेतकरी असून त्यांच्या कष्टांतून मला प्रेरणा मिळाली.’ पुढं एडिसन, मग बल्ब, मग हजार अपयशं. शेवटी देशसेवा.

मी चहा टाकला आणि विचारलं, ‘या तीन वर्षांत बिघडलं काय?’

‘काही नाही.’

‘काहीतरी बिघडलं असेल.’

बराच वेळ ती बशीतल्या बिस्किटाशी खेळत राहिली. मग सांगितलं. खालचा माल उशिरा सुकतो हे तिच्या आकड्यांवरून दिसलं, म्हणून तिनं वडिलांना गळ घातली की खालचा माल वर चढवू. वरची जाळी जुनी होती. रात्री फाटली. सकाळी चाळीसेक किलो माल मातीत.

‘पप्पा काय म्हणाले?’

‘काहीच नाही. झाडू आणला.’

मी म्हटलं, इथून सुरू कर. तिला पटेना. अपयश लिहिलं तर घेणार कसे? आपल्या मुलांना परीक्षेचं उत्तर लिहायची सवय, चूक लिहिली की मार्क कापले. पण पुढच्या हंगामात तिनं काय केलं ते बघा : माल न हलवता खालचे दोन थर रिकामे ठेवले, आणि माल कमी पण लवकर सुटला तर परवडतं का, याचा हिशेब मांडला. फायदा जवळजवळ शून्य निघाला. तिनं तसंच लिहिलं, शून्य म्हणून. त्यातून तिला पडलेला प्रश्न, की हवा खालून खेळती ठेवायला काय करता येईल आणि ते मला कुठं शिकता येईल, हा निबंधाचा शेवट झाला. ‘शेड’, ‘बेदाणा’ आणि ‘पप्पा’ हे शब्द आम्ही तसेच ठेवले, अर्ध्या वाक्यात काय ते सांगितलं. वाचणारा हुशार असतो. त्याला भारत समजावून सांगत बसू नका.

आनंदीबाई जोशी आठवतात मला इथं. १८८३ साली अठराव्या वर्षी त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. तुमच्या सगळ्या अटी मी कदाचित पुऱ्या करणार नाही, हे त्यांनी त्यात सरळ कबूल केलंय. आणि कशासाठी आले तेही : माझ्या देशातल्या बायका मरण पत्करतील पण पुरुष डॉक्टरकडं जाणार नाहीत, त्यांच्यासाठी. त्यात दुसऱ्या कुणाचं नाव घालून बघा बरं. वर्गात मी हे पत्र वाचून दाखवते, आणि दर वर्षी कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, त्यांना किती टक्के होते?’

काही बारीक गोष्टी. निबंध मोठ्यानं वाचा. जिथं आवाज भाषणासारखा चढतो तिथं कापा. सुविचार काढा, दुसऱ्यांचेही आणि स्वतःचेही. आधी मराठीत बोलून रेकॉर्ड करा, मग त्यावरून इंग्रजी लिहा. थेट इंग्रजी लिहिलं की मुलं वाचनात आलेल्या दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बोलायला लागतात. इंग्रजी साधं असू दे, मी व्याकरण तपासते, वाक्यं बदलत नाही. आणि एआयकडून लिहून घेऊ नका. यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं हे कॉमन अ‍ॅपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. नियम नसता तरी तो मजकूर माझ्या कसोटीवर पहिल्या ओळीत पडतो. गेल्या वर्षी दोन वेगवेगळ्या गावांतल्या मुलांनी मला जवळजवळ एकच शेवटचा परिच्छेद पाठवला.

मुख्य निबंधाशिवाय बरीच विद्यापीठं आपापले छोटे प्रश्न देतात. ‘आमच्याकडंच का?’ हा नेहमीचा. इथं माणसाचं नाही, विद्यापीठाचं नाव बदलून बघायचं. ‘जागतिक दर्जाचे प्राध्यापक, वैविध्यपूर्ण वातावरण’ कुठंही चालतं. कुठला विषय, कुठली प्रयोगशाळा, तिथं नेमकं काय विचारायचं, हे लिहिता आलं नाही तर त्या विद्यापीठाला अर्जच का करतोय, हे स्वतःलाच विचारा. एमआयटी तर केवळ मजेखातर काय करतोस असंही विचारते. तिथं उगाच थोर होऊ नका. माझ्या एका मुलानं एसटीच्या वेळापत्रकातल्या चुका शोधण्याबद्दल लिहिलं होतं.

पत्र, आणि ज्याचं नाव कुणी काढत नाही तो कागद

साधारणपणे दोन शिक्षकांची पत्रं लागतात आणि एक शाळेच्या समुपदेशकाचं. आपल्याकडं समुपदेशक नसतो, मग प्राचार्य लिहितात, किंवा प्राचार्यांच्या वतीनं माझ्यासारखी. शिक्षक निवडताना कुठल्या विषयात जास्त मार्क पडले ते बघू नका. ज्यांनी तुम्हाला अडखळताना आणि सावरताना पाहिलंय ते निवडा. निदान महिना-दीड महिना आधी विचारा, वर्गाबाहेर उभं राहून घाईत नको. आणि एक पानाचं टिपण द्या : कुठल्या दिवशी वर्गात काय झालं होतं, कुठला प्रश्न विचारला होता, कुठला प्रकल्प. आम्हाला वर्गात नव्वद मुलं असतात, आठवत नाही हो. टिपण दिल्यानं पत्र खोटं होत नाही, उलट आठवण जागी होते.

‘आज्ञाधारक’ हा शब्द मी आता वापरत नाही. बेदाणेवालीबद्दल मी लिहिलं की तिनं माझ्या व्याकरणाच्या तासाला पाठ्यपुस्तकातलं एक उदाहरण चुकीचं आहे म्हणून सांगितलं, मी तिला खाली बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी मलाच ते वर्गात दुरुस्त करावं लागलं. सहीच्या आधी प्राचार्यांनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, म्हणाले, ‘हे पाठवायचं?’ हेच पाठवायचं.

दुसरा कागद म्हणजे शाळेची माहिती, एका पानाची. अमेरिकेतली शाळा ती आपोआप पाठवते. आपल्याकडं कुणाला माहीतच नसते. पण वाचणारा तुम्हाला तुमच्या शाळेत काय मिळत होतं यावरून जोखतो. त्याला हे कळायला हवं : गाव केवढं, वर्गात मुलं किती, बोर्ड कुठलं, आमच्यात ९० च्या वर किती जणांना पडतात, कुठले विषय शिकवायचीच सोय नाही, प्रयोगशाळेत काय आहे, किती मुलं परदेशी गेली (बहुतेक शून्य). मी पहिल्यांदा हे पान केलं तेव्हा ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी तीन वर्षांचे निकाल रजिस्टरमधून हातानं काढून दिले. तुमच्या कॉलेजात हे नसेल तर तुम्हीच कच्चं करून न्या आणि प्राचार्यांची सही मागा. एरवी ८९ टक्के वाचून त्याला काहीच उमजत नाही. वर्गात ८९ च्या वर दोघेच होते, हे कळलं की उमजतं.

बाकीचं भराभर

सॅट आता संगणकावर, दोन तास चौदा मिनिटांची, १,६०० गुणांची. करोनाच्या काळात पुष्कळांनी ती ऐच्छिक केली होती. एमआयटीनं २०२२ मध्ये परत आणली, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राऊन आणि कॅलटेकनं २०२४ मध्ये तसं जाहीर केलं. आपल्या मुलांना गणित जमतं, भाषेचा भाग आडवा येतो. त्यावर क्लास लावण्यापेक्षा नववीपासून रोज इंग्रजी लेख वाचा.

अर्ज दोन टप्प्यांत जातात : लवकरचा बहुधा १ नोव्हेंबरला, नेहमीचा जानेवारीच्या सुरुवातीला. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे मिळालं तर जाणारच, असं बंधन. मदतीशिवाय जमणार नसेल तर त्यावर सही करण्याआधी दहा वेळा विचार करा. अर्जाची फी परवडत नसेल तर माफी मागता येते, लाजू नका.

मुलाखत असली तर बहुधा माजी विद्यार्थी घेतो, ऑनलाइन. गप्पा मारा. पाठ केलेलं लगेच कळतं.

इंग्लंडचा विचार असेल तर हा लेख अर्धा विसरा. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, आणि तिथं विषय सोडून बाकीच्याला फारसा भाव नाही. घरच्या जबाबदाऱ्या, कबड्डी यांनी तिथं काही हलत नाही. विषयातलं काय वाचलं आणि त्यावर काय विचार केला, हेच विचारतात. तिकडच्या अर्जातला ‘पर्सनल स्टेटमेंट’ नावाचा जुना एकसलग निबंध २०२६ च्या प्रवेशापासून गेला, आता तीन प्रश्न, मिळून ४,००० अक्षरं.

जानेवारीत अर्ज गेला की बारावीचा अभ्यास. प्रवेश मिळाल्यावरही शेवटचा निकाल त्यांना जातो आणि घसरगुंडी झाली तर दिलेली जागा काढून घेता येते. फेब्रुवारीत बोर्ड, मार्चमध्ये प्रवेशाचे निकाल, त्यामुळं घरात दोन महिने कुणी नीट झोपत नाही. एमआयटीचा निकाल १४ मार्चला, गणितातल्या ‘पाय’च्या (३.१४) दिवशी, तिथल्या संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी लागतो, म्हणजे आपल्याकडं १५ तारखेच्या पहाटे चारला दोन मिनिटं कमी. हार्वर्ड, येल वगैरे आठ जणांचा महिनाअखेरीस एकाच दिवशी, आपल्या पहाटे साडेचारच्या सुमारास.

त्या पहाटे बेदाणेवालीचा फोन पावणेपाचला आला. मागं पत्र्याचा आवाज, माणसांचं बोलणं. हंगाम चालू होता, ती शेडवरच होती. आठ ठिकाणी अर्ज होता. सहा ठिकाणी नाही, एका ठिकाणी प्रतीक्षा यादी. आठवं एक छोटं कॉलेज, त्याचं पत्र चार दिवस आधीच आलं होतं. मदतीसकट, जवळजवळ सगळा खर्च धरून. ते तिनं मला सांगितलं नव्हतं, म्हणाली सगळे निकाल येऊ देत मग सांगू.

‘पप्पांना सांगितलंस?’

‘सांगितलं. म्हणाले, ऑगस्टला जाशील तोवर त्या मीटरचं कुणालातरी शिकवून जा. दादू शिकतोय आता. आज त्यानंच लिहिलं, पण मॅडम, वरचा आकडा खाली लिहिला त्यानं.’